मोडशीचा प्रवास

मार्च 2020 मध्ये विरार लोकल थांबली आणि ‘पँडेमिक’ हा शब्द नाक्यावरच्या भाजीवालीच्याही तोंडी आला. ग्रीकमध्ये ‘पॅन’ म्हणजे सगळे, ‘डेमॉस’ म्हणजे लोक. ‘प्लेग’ मात्र लॅटिन ‘प्लागा’तून आलेला, अर्थ तडाखा, घाव. 1896 साली मुंबईच्या मांडवीत तो उद्भवला आणि मराठीने त्याचे नाव जसेच्या तसे ठेवून घेतले.

पण आम्हाला खरी गंमत वाटते ती उलट्या प्रवासाची. पटकीला आपल्याकडे ‘मोडशी’ही म्हणत. वसई पोर्तुगीजांकडे असताना गार्सिया द ओर्ता या वैद्याने 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन केले. (मुंबई बेट याच गृहस्थाकडे भाडेपट्ट्याने होते!) पोर्तुगीजांनी मोडशीचे ‘मोर्देशिम’ केले, त्याचे फ्रेंच वळणाने ‘मॉर द शियाँ’ झाले, म्हणजे कुत्र्याची मौत. माणूस मोडून टाकणाऱ्या रोगाच्या नावात कुत्रे शिरले ते असे.

वाडवळी, सामवेदी, आगरी बोलींत साथींची आणखी कोणती नावे आहेत? घरातल्या आजी-आजोबांना विचारा आणि आम्हाला लिहून कळवा.