शंभर रुपयांची कपात तरी सुचवा!



नांदेडचे शंकरराव चव्हाण १९८४ साली देशाचे संरक्षणमंत्री होते. लातूरचे शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष असताना, १९९३ साली, खात्यांच्या मागण्या तपासणाऱ्या स्थायी समित्या सुरू झाल्या. म्हणजे दिल्लीच्या खर्चाचा हिशेब आमच्या जिल्ह्यांना नवा नाही.

आणि झाले काय? २३ मार्च २०२३ रोजी गदारोळात सगळ्या खात्यांच्या मागण्या लोकसभेत चर्चेविना मंजूर झाल्या. संरक्षणाचे जवळपास ६ लाख कोटी त्यातच गेले, शेतीचेही गेले. पीककर्जासाठी आमच्याकडे कागदांची चळत मागणारे सरकार स्वतः मात्र एका हुंकारात मोकळे!

खासदाराला मागणी वाढवता येत नाही. पण शंभर रुपयांची कपात सुचवून मंत्र्याला जाब विचारता येतो. हे हत्यार गंजत का पडले?

सीमेवर पोरे आमचीच आहेत. त्यांच्या बुटाचा, बंदुकीचा, पेन्शनचा हिशेब मागणे हा देशद्रोह नव्हे, ती राखण आहे.

गावोगाव ठराव करा. दोन्ही खासदारांना लेखी विचारा : संरक्षणाच्या आणि शेतीच्या मागण्यांवर किती कपात सूचना दिल्या? उत्तर पुढच्या मेळाव्यात जाहीर वाचू. आले नाही, तर तेही जाहीर सांगू.