उन्हाळ्यातले कोंडाणे

भीमजयंती झाली, परीक्षा संपल्या, की घराघरांतून मुलांची भुणभुण सुरू होते, "कुठेतरी न्या!" गावी जायला रजा नाही आणि हॉटेलचा खर्च झेपत नाही, अशा कुटुंबांना आम्ही कर्जतजवळची कोंडाणे लेणी सुचवतो. पहाटेची कर्जत लोकल, तेथून रिक्षाने कोंदिवडे गाव आणि पुढे राजमाचीच्या पायथ्याच्या रानातून तास-दीड तासाची चाल. संध्याकाळी आपण घरी.

वैशाखात तिथे धबधबा कुठला, असे कोणी विचारील. खरे आहे. पावसाळ्यात लेण्यांच्या तोंडावरून कोसळणारे पाणी तोवर आटलेले असते, कातळावर काळे ओघळ तेवढे दिसतात. तरी आम्ही मुद्दाम उन्हाळाच सांगतो. पावसात हौशी तरुणांची झुंबड उडते, बाटल्या फुटतात, ओढे अचानक फुगतात. लेकीबाळींना घेऊन जाण्याची ती वेळ नव्हे. आणि पाण्याचा पडदा नसला की चैत्यगृहाचे तोंड नीट पाहता येते. लाकडी घरासारखी कोरलेली कमान, वरच्या बाजूला नाचणारी जोडपी, आत स्तूप. खांबांचे खालचे भाग मात्र बरेचसे तुटून गेले आहेत. शेजारच्या विहारात भिक्खूंच्या खोल्या आहेत. मुलांना त्यात उभे करून सांगावे की आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने भिक्खूंनी एके ठिकाणी राहावे, असा वर्षावासाचा नियम होता. म्हणजे समोर धबधबा कोसळत असायचा ते दिवस त्यांच्या मुक्कामाचे आणि आजच्यासारख्या उन्हात ते गावोगाव धम्म सांगत हिंडायचे.

वाटेत कोणी ही लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली म्हणून सांगेल. भांडू नये. चैत्याच्या दर्शनी भागाजवळ यक्षाच्या मस्तकाशी एक ब्राह्मी ओळ आहे, ती मुलांना दाखवावी. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, असे तिथे लिहिले आहे. दोन हजार वर्षांमागच्या माणसाने सोडलेला तो पुरावा आहे. बलकाला नाव कोरण्याचा हक्क होता. आपल्याला खडूनेसुद्धा नाही, अगदी 'जयभीम'देखील नाही.

त्रिशरण-पंचशील जरूर म्हणावे, पण मेणबत्ती-अगरबत्ती पेटवू नये. कातळाला मधमाश्यांची पोळी असतात, धुराने त्या उठतात आणि लहान मूल बरोबर असेल तर पळायला वाट नसते. माणशी तीन बाटल्या पाणी घरूनच न्यावे, गाव सोडल्यावर भरवसा नाही. भाकरी, सुका जवळा, कांदा पुष्कळ झाला. आजीला यायचे असेल तर तिलाही घ्या. मात्र अकराच्या आत वर पोहोचा आणि ऊन उतरल्यावरच निघा. तोवर विहाराच्या गारव्यात झोप छान लागते.

उतरताना ठाकर-कातकरी बाया पानाच्या द्रोणात करवंदे विकायला बसलेल्या दिसल्या, तर घ्या. रानभर उन्हात फिरून वेचलेली असतात ती. तिथे घासाघीस करू नका.