दप्तर जागेवरच होते

आमचे थोरले बंधू बडोद्यास दांडिया बाजारात राहतात. निवृत्तीनंतर घरातील मोडी कागदांचे बाळबोध लिप्यंतर करण्याचे काम त्यांनी हाती घेतले, आणि तेही थेट संगणकावर. सहा वर्षांत चारशेंवर पाने झाली. गेल्या महिन्यात एका सकाळी त्यांचा फोन आला. "अरे, सगळे गेले!" एवढेच ते बोलले.

आम्ही सायंकाळी जाऊन पोहोचलो. संगणक पासवर्ड स्वीकारीत होता, परंतु आत पाऊल टाकावे तो घर परके! फायली नाहीत, नातवंडांचे चित्र नाही; केवळ तात्पुरत्या प्रोफाइलवर प्रवेश दिल्याची सूचना. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने फॉरमॅट करण्याचा सल्ला देऊन ठेवला होता. तो ऐकला असता तर मात्र सारे खरोखरच गेले असते.

विंडोजमध्ये रजिस्ट्री नावाची एक मोठी नोंदवही असते. तिच्या 'प्रोफाइललिस्ट' या भागात प्रत्येक वापरणाऱ्याच्या नावे एक लांबलचक क्रमांक असतो आणि त्याच्यापुढे त्याच्या फोल्डरचा पत्ता. वीज अवेळी गेली, अथवा अन्य कारणाने प्रोफाइल उघडता आले नाही, की कधीकधी मूळ नोंदीस 'डॉट बॅक' असे शेपूट लागते आणि शेजारी तात्पुरती नोंद उभी राहते. घर जागेवरच असते. उताऱ्यावरचा पत्ता तेवढा चुकतो.

दादांच्या सूनबाईंचे त्याच यंत्रावर प्रशासकीय अधिकारांचे वेगळे खाते होते, हे भाग्य. त्या खात्यातून 'यूजर्स' फोल्डर उघडला, तो चारशे पाने जशीच्या तशी! आधी ती पेनड्राइव्हवर उतरविली. मग 'रेजेडिट' उघडून त्या भागाची प्रत निर्यात करून ठेविली. या वहीत खाडाखोड करण्यापूर्वी एवढे न करणारा मनुष्य आम्हांस धाडसी नव्हे, बेफिकीर वाटतो. एकाच क्रमांकाच्या दोन नोंदी सापडल्या. शेपूट नसलेलीचे नाव बदलून ती बाजूस सारली, शेपटीच्या नोंदीचे 'डॉट बॅक' काढले, 'प्रोफाइल इमेजपाथ'मध्ये दादांचाच फोल्डर आहे ना हे पाहिले, 'स्टेट' व 'रेफकाउंट' यांपुढे शून्य घातले आणि संगणक पुन्हा सुरू केला. नातवंडे पडद्यावर हजर!

'यूजर प्रोफाइल सर्व्हिस'चे कारण देऊन संगणक मुळी आतच घेत नसेल, तेव्हाही पुष्कळदा दोष याच नोंदीत असतो. दुसरे खाते नसल्यास 'सेफ मोड'मधून प्रयत्न करून पाहावा.

एक नुकसान मात्र झालेच. घाबरलेल्या दादांनी त्या सकाळी तात्पुरत्या प्रोफाइलवरच दोन पाने नव्याने उतरविली होती. तेथे ठेवलेले साइन आउट करताच पुसले जाते, हे त्यांस कोण सांगणार? ती दोन पाने काही मिळाली नाहीत.

"मूळ कागद आहेत ना!" असे म्हणून दादांनी चष्मा पुसला, रुमाल सोडला आणि आम्हांस म्हणाले, "हे अक्षर 'स' आहे की 'म', बघ जरा."