स्पर्धा आणि शेजार

वादविवादात एक वाक्य हमखास ऐकू येते : "स्पर्धा हा निसर्गाचाच नियम आहे; बलवानाने टिकावे, दुर्बळाने जावे." परीक्षा असो, नोकरी असो की मिरकरवाड्यातला मासळीचा धंदा असो, हे वाक्य उच्चारले की वाद मिटला असे आपण समजतो. मी कला शाखेचा विद्यार्थी. तरीही या वाक्याविषयी माझी तक्रार आहे. निसर्गाची साक्ष काढायचीच तर ती पुरती काढावी.

ओहोटीच्या वेळी मिरकरवाड्याजवळच्या खडकांवर उतरून पाहावे. वरच्या भागात कोरड्या फटींतून बारीक गोगलगायी. त्याखाली होडीच्या तळाला धरते आणि दरवर्षी खरवडावे लागते तसले पांढरे खरखरीत कवच. आणखी खाली कालवे, आणि अगदी पाण्यालगत शेवाळ. जणू कोणी पट्टे आखून दिले आहेत! हे पट्टे कोणी आखले?

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर जोसेफ कॉनेल यांनी हाच प्रश्न विचारला. त्यांचे उत्तर १९६१ साली प्रसिद्ध झाले. तेथे या कवचधारी प्राण्यांच्या दोन जाती राहतात. एक वर, दुसरी खाली. खालच्या जातीला कॉनेल यांनी खरवडून काढले, तेव्हा वरच्या जातीची पिल्ले खालीही सुखाने वाढली. एरवी खालची जात त्यांना चेपून, उचकटून टाकीत असे. मात्र ही दांडगी जात वर चढू शकत नव्हती, कारण उन्हात ती सुकून मरे. म्हणजे स्पर्धेने सीमा आखली हे खरे. पण दुर्बळ उरला, कारण बलवानाला न सोसणारी एक जागा शिल्लक होती.

अशी जागाच नसेल तर? अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रॉबर्ट पेन यांनी खडकाच्या एका भागातून शिंपले खाणारा तारामासा सतत काढून टाकला. १९६६ साली त्यांनी लिहिले की, तेथल्या १५ जातींपैकी ८ च उरल्या. शिंपल्यांनी जागा बळकावली होती. अनिर्बंध स्पर्धेचे फळ ते हे!

आता बंदराकडे वळू. पर्ससीन जाळे एका फेऱ्यात बांगड्याचा, तारलीचा अख्खा थवा वेढते. रापण ओढणारा किनाऱ्यावरच उभा. दोघांची मासळी एकच. 'महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम' १९८१ सालचा. पुढे ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर क्षेत्राचे आणि हंगामाचे निर्बंध आले. "हा तर प्रगतीला अडथळा!" असे काही मित्र म्हणतात. कर्ज काढून बोट बांधणाऱ्याची आणि तिच्यावरच्या खलाशांची अडचण मी नाकारीत नाही. त्यांनाही पोट आहे. पण किनाऱ्यालगतचे पाणी ही रापणकाराची शेवटची जागा. तीही गेली, तर त्याला वर सरकायला कोरडा खडकसुद्धा नाही.

निसर्ग नीती शिकवीत नाही, हे मलाही कळते. तारामासा काही न्यायबुद्धीने शिंपले खात नाही. म्हणूनच निर्बंध घालण्याची जबाबदारी माणसाची, आणि ते कागदावर न ठेवता समुद्रावर पाळण्याचीही. यापुढे कोणी निसर्गाचा नियम सांगू लागला, तर त्याला एकदा ओहोटीला खडकावर न्यावे. तेथे स्पर्धा दिसेल. तिच्या जोडीला शेजारही दिसेल.