दुसऱ्या खुर्चीतला माणूस

गेल्या पंधरवड्यात एका गृहस्थांच्या वर्षश्राद्धाला जाऊन आलो. वाचकहो, आपल्याच रुग्णाच्या श्राद्धाच्या पंगतीत बसणे डॉक्टरला तसे अवघड वाटते. पण त्या घरचे बोलावणे मोडवेना. पोस्टातील नोकरी संपवून काका वाईला येऊन राहिले, तेव्हापासून वीस वर्षे ते माझ्या दवाखान्यात येत असत. स्वतःसाठी मात्र क्वचितच. कधी काकूंच्या गुडघ्यांसाठी, कधी सुनेच्या अशक्तपणासाठी, कधी नातवाच्या दुखऱ्या कानासाठी. माझ्या टेबलासमोर दोन खुर्च्या आहेत. पहिलीत रुग्ण बसतो, दुसरीत सोबत आलेला माणूस. काका कायम दुसरीत.

त्यांचा चढलेला आवाज मी कधी ऐकला नाही. काकूंना खाली बसता येईनासे झाले, तेव्हा विळीवर नारळ खवण्याचे काम त्यांनी न बोलता आपल्याकडे घेतले. सून शाळेत शिकवते. ती निघण्यापूर्वी तिची स्कूटर पुसून फाटकाशी उभी असे. घरातल्या प्रत्येकाच्या गोळ्यांची पुडी पोस्टातल्या पार्सलासारखी दोऱ्याने बांधून, वर ठळक अक्षरांत नाव घालून ते ठेवीत. आणि एका वहीत सगळ्यांच्या औषधांची नोंद. असे टिपण पुष्कळ दवाखान्यांतही नसते, हे मी थोड्या संकोचानेच लिहितो.

त्यांना पंधरा वर्षांचा मधुमेह होता. साखर तपासून अहवाल वेळेवर आणीत. मी विचारी, ‘‘काका, तुम्ही कसे आहात?’’ ते म्हणत, ‘‘उत्तम. हिचं बघा आधी.’’ आणि मी खरोखरच काकूंचे बघू लागे.

त्यांच्या शेवटच्या पावसाळ्यात ते रात्री बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत झोपू लागले. माझ्या खोकल्याने हिची झोप मोडते, असे त्यांनी घरात सांगितले, आणि साऱ्यांना ते पटले. कारण त्यांच्या स्वभावाला ते शोभणारेच होते. संध्याकाळी गणपती घाटावर जाणेही सुटले. त्यासाठी त्यांनी गुडघ्यांचे निमित्त सांगितले. खरे तर गुडघे काकूंचे दुखत होते, त्यांचे नव्हे!

हृदयाची पंप करण्याची शक्ती कमी झाली की दिवसभर पायांत उतरलेले पाणी आडवे पडल्यावर पुन्हा रक्तात येते आणि फुप्फुसांवर त्याचा ताण पडतो. झोपले की खोकला येतो, धाप लागते. उठून बसले की बरे वाटते. त्यातून जुना मधुमेह असेल तर मज्जातंतू बधिर झालेले असतात, आणि हृदयविकाराचा झटकाही छातीत न दुखता येऊन जाऊ शकतो. फक्त दम लागणे, घाम, मळमळ, कारण नसताना आलेला थकवा, एवढ्यावरच तो ओळखावा लागतो.

मृत्यूच्या अकरा दिवस आधी ते काकूंना घेऊन आले होते. दुसऱ्या खुर्चीत बसले होते. दोनदा खोकले. चपलेचा पट्टा सैल सोडलेला मी पाहिला, आणि हवा बदलली आहे असे काहीसे बोललो. पायावर बोट दाबून पाहिले नाही. स्टेथोस्कोप माझ्या गळ्यातच होता.

श्राद्धाची पाने उठल्यावर सुनेने ती वही आणून दाखवली. शेवटच्या पानांवर, साखरेच्या आकड्यांशेजारी, बारीक अक्षरांत तीन ठिकाणी एकच नोंद होती : ‘रात्री बसून. कोणास सांगितले नाही.’

मुलगा म्हणाला, ‘‘डॉक्टर, आम्हाला कळायला हवं होतं.’’ मी त्याला म्हणालो, जे मला कळले नाही ते तुला कसे कळावे? मायेपोटी लपवणारा माणूस फार सफाईने लपवतो. वर्षभर स्वतःला दोष देत बसलेली घरे मी पाहिली आहेत. त्या दोषातला माझा वाटा मी उचलला, तेव्हा तो थोडा मोकळा होऊन बोलू लागला.

आपल्या घरी असे कोणी असेल, तर ‘कसे वाटते?’ हा प्रश्न सोडून द्या. सौम्य माणसे त्याला शिष्टाचार समजतात आणि उत्तरही शिष्टाचारानेच देतात. रात्री उशा किती घेता, हे विचारा. एकीच्या दोन, दोहोंच्या तीन झाल्या काय? जिन्याच्या कितव्या पायरीवर थांबावे लागते? नडगीवर अंगठा थोडा वेळ दाबून धरा. खळगा राहिला तर सूज आहे. सकाळी शौचानंतर, न्याहारीपूर्वी वजन करीत जा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बसल्या जागी धाप लागली, थंड घाम फुटला, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. या आजारावर आज चांगली औषधे आहेत. वेळेवर सुरू झाली तर माणसे पुढे कित्येक वर्षे घाटावर फिरायला जातात.

परवा काकू तपासणीला आल्या होत्या. ‘‘मी बरी आहे,’’ असे त्यांनी मी विचारण्याआधीच सांगून टाकले. उशा विचारल्या. एकच. पाय पाहिले, सूज नव्हती. मग माझे लक्ष दुसऱ्या खुर्चीकडे गेले. तिथे सून बसली होती, मांडीवर ती वही. आता तिच्याच अक्षरात नोंदी होत्या, तिचे स्वतःचे पान मात्र कोरे.

‘‘माझं काही नाही हो डॉक्टर,’’ ती म्हणाली, ‘‘मी यांच्याबरोबर आलेय.’’

मी रक्तदाबाचा पट्टा तिच्या दंडाला बांधला. १६० वर १००. काकूंनी तिच्या हातातून वही घेतली, कोरे पान उघडले आणि माझ्याकडे पेन मागितले.