राष्ट्रध्वज आणि त्याचें सूत

ध्वजाकडे पाहतांना आपली दृष्टि प्रथम रंगांवर जाते, मग मधल्या चिन्हावर. कापडाकडे ती बहुधा जातच नाहीं. गतवर्षीं स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशीं शाळेचा जुना ध्वज विरलेला आढळला, म्हणून आम्हीं घाईघाईनें बाजारांतून नवा आणविला. तो चकचकीत होता, स्वस्त होता, आणि पॉलिएस्टरचा होता. त्याची घडी उलगडत असतां आठवीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, हा कोठें तयार झाला?” आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. आपल्या जिल्ह्याच्या गांवीं, नांदेडास, राष्ट्रध्वज तयार होतात हें आम्हांस ठाऊक होतें. तरीहि आमच्या हातांतील ध्वजाचें जन्मस्थान आम्ही सांगूं शकलों नाहीं. त्या ओशाळेपणांतूनच हे चार शब्द लिहीत आहोंत.

आपल्या ध्वजाची रचना एका दिवसांत झालेली नाहीं. मॅडम कामा यांनीं २२ ऑगस्ट १९०७ रोजीं जर्मनींतील स्टुटगार्ट येथें भरलेल्या परिषदेंत तीन पट्ट्यांचा ध्वज फडकविला. त्यावर ‘वंदे मातरम्’ हीं अक्षरें होतीं. पुढें पिंगली वेंकय्या यांनीं १९२१ सालीं बेझवाडा येथें आपला आराखडा गांधीजींस दाखविला. १९२३ सालीं नागपुरास झेंडा सत्याग्रह झाला, आणि ध्वज हातीं घेऊन चालण्याच्या हक्कासाठीं शेंकडों लोक तुरुंगांत गेले. १९३१ सालीं काँग्रेसनें केशरी, पांढरा व हिरवा हा क्रम ठरवून मध्यें चरखा ठेविला. अखेर २२ जुलै १९४७ रोजीं घटना समितीनें चरख्याच्या जागीं सारनाथच्या अशोकस्तंभावरील चक्र घेतलें व लांबी-रुंदीचें प्रमाण ३ : २ ठरविलें. त्या दिवशीं पंडित नेहरूंनीं सभागृहांत दोन ध्वज मांडले. एक रेशमी खादीचा व दुसरा सुती खादीचा. चरखा चित्रांतून गेला, पण कापडांत राहिला, असें म्हणावयास हरकत नाहीं. स्वतंत्र भारतानें वस्तूंचीं मानकें ठरविण्यास आरंभ केला तेव्हां ‘मानक क्रमांक १’ हें राष्ट्रध्वजाचेंच होतें, आणि तें १९५१ सालीं प्रसिद्ध झालें.

कंधारकरांस ध्वजांचें कौतुक नवें नाहीं. आपल्या किल्ल्यानें राष्ट्रकूटांचें गरुडचिन्ह पाहिलें, बहमनींचा व मोगलांचा अंमल पाहिला, आणि शेवटीं निजामाचा पिवळा आसफजाही झेंडाहि पाहिला. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं दिल्लीस तिरंगा डौलानें फडकला, त्या दिवशीं आपल्या मुलखांत तो फडकविणें हा गुन्हा होता. हैदराबाद स्टेट काँग्रेसनें स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालीं ७ ऑगस्टपासूनच भारतांत सामील होण्यासाठीं लढा पुकारला होता. स्वामीजी तुरुंगांत गेले, व तिरंगा हातीं घेणारे कित्येक तरुणहि त्यांच्या मागोमाग गेले. १७ सप्टेंबर १९४८ उजाडण्यास तेरा महिने लागले. म्हणूनच मराठवाड्यांतील शाळा १७ सप्टेंबरलाहि ध्वजवंदन करतात.

हें मोल एकट्या आपणच दिलें असें नव्हे. उत्तर आफ्रिकेंतील अल्जीरिया देशाचा ध्वज अर्धा हिरवा, अर्धा पांढरा असून मध्यें तांबडी चंद्रकोर व तारा आहे. ८ मे १९४५ रोजीं युरोपांत युद्धसमाप्तीचा आनंद चालला असतां त्या देशांतील सेतीफ गांवीं मिरवणूक निघाली. तींत बूझिद साल नांवाच्या सव्वीस वर्षांच्या तरुणानें ध्वज हातीं धरला, आणि तो पोलिसांच्या गोळीस बळी पडला. त्यानंतरच्या दडपशाहींत हजारों माणसें मेलीं. देश १९६२ सालीं स्वतंत्र झाला, व ध्वजाचीं मापें कायद्यानें ठरलीं तीं १९६३ सालीं. मापें मागाहून येतात. किंमत आधीं मोजावी लागते.

मग आपल्या ध्वजाचें कापड कोणतें असावें? ३० डिसेंबर २०२१ रोजीं ध्वजसंहितेंत बदल होऊन यंत्रावर केलेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजांसहि मान्यता मिळाली. याच्या बाजूनें एक सबळ मुद्दा आहे. खादीचा ध्वज महाग पडतो, आणि ध्वज प्रत्येक घरीं पोंचावा ही इच्छा कोणाहि नागरिकास मान्य व्हावी अशीच आहे. ज्या गरिबाच्या झोपडीवर पॉलिएस्टरचा ध्वज लागला, त्याची निष्ठा उणी असें म्हणण्याचा अधिकार कोणासहि नाहीं.

परंतु शाळा ही झोपडी नव्हे. तिनें कशास मान दिला तें मुलें पाहत असतात. स्वामीजी व त्यांचे सहकारी यांच्या खादीकार्यांतून उभी राहिलेली मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिति नांदेडास ध्वज तयार करते. उदगीरच्या केंद्रांत त्याचें कापड विणलें जातें. ध्वजास एक खादी व दोरी ओंवण्याच्या पट्टीस दुसरी जाड खादी लागते. चोवीस आऱ्यांचें चक्र दोन्ही बाजूंनीं नेमकें जुळावें लागतें. यांत कित्येक हातांची कमाई आहे. स्वस्त मालापुढें हे हात रिकामे झाले, तर ती विद्या पुन्हां पुस्तकांतून शिकतां येणार नाहीं.

आणखी एक गोष्ट. फाटलेला ध्वज इतस्ततः न टाकतां खासगी रीतीनें, शक्यतों जाळून, सन्मानानें नष्ट करावा असें ध्वजसंहिता सांगते. खादी जळते व तिची राख होते. पॉलिएस्टर वितळून काळा गोळा होतो. सोळा ऑगस्टच्या सकाळीं बाजारच्या गटारींत जे लहान झेंडे सांपडतात, ते तर कुजतहि नाहींत. ज्याचा अंत सन्मानानें करतां येत नाहीं, तें कापड ध्वजास शोभत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

विद्यार्थिमित्रहो, यंदा प्रत्येक वर्गानें थोडे थोडे पैसे जमवून नांदेडचा एक खादीचा ध्वज आणावा, आणि तो आणावयास वर्गप्रतिनिधींनींच जाऊन तेथील शिलाई डोळ्यांनीं पाहून यावें, अशी आमची सूचना आहे. म्हणजे १७ सप्टेंबरच्या सकाळीं एखाद्यानें “हा कोठें तयार झाला?” असें विचारल्यास उत्तर देण्याकरितां शिक्षकांकडे पाहावें लागणार नाहीं.