सहल पायी निघावी

शाळेच्या सहलीचा विषय निघाला की पालकांची पहिली अपेक्षा चांगल्या बसची असते. पाटणादेवीपासून जंगलवाटेने पितळखोऱ्याच्या लेण्यांपर्यंत मुलांना पायी न्यावे, ही आमची सूचना म्हणूनच अनेकांना रुचत नाही. आमचे आजे-पणजे अनवाणी चालले, आता आमच्या मुलांनीही चालावे काय, असा प्रश्न माजी विद्यार्थीच करतात. त्यामागील वेदना आम्ही जाणतो.

चाळीसगावचा इतिहास या वेदनेला साक्ष आहे. १९२९ साली मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात फिरत होते. चाळीसगाव स्थानकापासून महारवाडा चालण्याच्या अंतरावर होता. परंतु बाबासाहेबांनी पायी यावे, हे वस्तीतील लोकांना त्यांच्या प्रतिष्ठेला शोभणारे वाटेना. टांगेवाले तर महाराला घेऊन टांगा हाकण्यास तयार नव्हते. अखेर टांगा मिळाला, हाकणारा मिळाला नाही. वस्तीतील एका अननुभवी माणसाने लगाम धरला आणि पुलावर अपघात होऊन बाबासाहेबांचा पाय मोडला. प्रतिष्ठेपेक्षा प्रवाशाची सुरक्षितता मोठी, हे त्या भाबड्या माणसांच्या ध्यानात आले नाही, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे.

वाहन नाकारले म्हणून चालणे आणि वाहन उभे असताना स्वेच्छेने चालणे यांत मोठे अंतर आहे. तथागतांची आणि भिक्खुसंघाची चारिका ही दुसऱ्या प्रकारची होती.

अजिंठ्याला आपली मुले बसने जातात, लेण्यांचे क्रमांक मोजतात आणि परततात. डोंगराच्या पोटात, पाण्याच्या आश्रयाला, व्यापारी वाटेच्या जवळ लेणी का कोरली, हे मात्र पायांनाच कळते. सातमाळ्याच्या रांगेत साग, सलई, धावड्याच्या रानातून वर चढावे, झाडी विरळ होऊन गवत लागावे आणि मग कड्यात कोरलेली हत्तींची रांग दिसावी! इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात येथे काम सुरू झाले. शिलालेखांत दाते म्हणून पैठणच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे आणि राजवैद्याच्या मुलाबाळांचे उल्लेख आहेत. येथे सापडलेली यक्षमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्यावर घडविणाऱ्या कण्हदास सोनाराचे नाव कोरलेले आहे. कष्टकऱ्यांच्या मुलांनी हे नाव पाठ करावे, असे आम्हांस वाटते.

मात्र ही सहल पावसाळ्यात नको. धबधबे पाहण्यासाठी उसळणारी गर्दी, तिचा गोंगाट आणि मागे उरणाऱ्या बाटल्या आपण पाहतोच. भिक्खू पावसातही हिंडतात, हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवतात, अशी लोकांची तक्रार आल्यावर तथागतांनी वर्षावासाचा नियम घालून दिला, असे विनयपिटकात आहे. ज्यांच्या वर्षावासासाठी लेणी कोरली गेली, त्यांचा नियम मोडून ती पाहण्यास कसे जावे?

अश्विन पौर्णिमेनंतर आणि दिवाळीच्या सुटीपूर्वी जावे. सुटीत अनेक मुले आईवडिलांबरोबर कपाशी वेचायला जातात. परिसर गौताळा अभयारण्याचा आहे, बिबट्याचा वावर आहे. तेव्हा वनखात्याची परवानगी, माहीतगार वाटाड्या आणि दुपार कलण्यापूर्वी परत फिरणे, यांत तडजोड नको. काळजीपोटी मुलींना मात्र वसतिगृहात ठेवू नये. बस पाटणादेवीपर्यंत येईलच. ज्या माजी विद्यार्थ्यांना आमचे म्हणणे पटत नाही, त्यांनीही कळण्याची भाकरी बांधून सोबत यावे. वाद वाटेत घालता येईल.